लस घेऊ, आणि हिशोबही मागू

एप्रिल २०२४ च्या अखेरीस लंडनच्या कोर्टातला एक कागद बातम्यांत आला आणि दोन दिवसांत आपल्या प्रत्येक मोहल्ला ग्रुपवर पोहोचला. ॲस्ट्राझेनेका कंपनीने कोर्टात मान्य केलं होतं की तिच्या कोविड लशीमुळे अत्यंत क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स कमी होण्याचा आजार होऊ शकतो. हीच लस पुण्यात ‘कोविशील्ड’ नावाने तयार झाली आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात गेली.

मग जे व्हायचं तेच झालं. अर्धा ग्रुप म्हणाला, ‘बघा, आम्ही सांगतच होतो, हा सगळा डाव होता.’ उरलेला अर्धा म्हणाला, ‘गप्प बसा, असलं काही पसरवू नका, लोक पोरांना पोलिओचा डोससुद्धा द्यायचे नाहीत.’ दोन्ही बाजूंनी भरपूर फॉरवर्ड झाले, पण एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. लशीमुळे खरोखरच कुणाचं नुकसान झालं असेल, तर त्या घराचं पुढे काय? दवाखान्याचं बिल कुणी भरायचं? कमावता माणूस गेला असेल तर चूल कशी पेटायची?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लस घेणं ही आपली जबाबदारी आहे आणि लशीने इजा झालेल्याला भरपाई देणं ही सरकारची. पहिल्या जबाबदारीची आठवण आपल्याला रोज करून दिली जाते. दुसरीबद्दल आपणही बोलत नाही आणि सरकारही. हे मौन आता आपण तोडलं पाहिजे.

आधी गैरसमज नको. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली, मुलं दगावली. ती बहुतेक आपल्याच वस्त्यांतली होती आणि त्यातल्या कितीतरी मुलांना गोवराची लस मिळालेली नव्हती. लस न घेण्याची किंमत काय असते, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे लशीविरुद्ध बोलणाऱ्यांनी हा लेख पुढे पाठवायची तसदी घेऊ नये. यात त्यांच्या कामाचं काही नाही.

पण लस कोट्यवधींना वाचवते हे जितकं खरं, तितकंच ती काही थोड्यांना इजा करते हेही खरं. ही काही २०२४ मध्ये उघडकीला आलेली भानगड नाही. मे २०२१ मध्येच केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं होतं की कोविशील्डनंतर गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणं आढळली, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. त्याच वर्षी जूनमध्ये याच समितीचा अहवाल आला की ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा मार्चमध्ये लशीनंतर तीव्र ॲलर्जीने मृत्यू झाला आणि त्याचा संबंध लशीशी आहे. सरकारच्याच तज्ज्ञांनी हे लिहून दिलं. तरी त्या कुटुंबाला हक्काने भरपाई मिळावी अशी कोणतीही योजना तेव्हा नव्हती. मे २०२४ मध्येही नव्हती.

सरकारची भूमिका काय? लशीनंतर आपल्या तरुण मुली गमावलेल्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिलं. त्याचा सारांश असा: लस घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हती, त्यामुळे भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही. कुणाची तक्रार असेल तर त्याने कोर्टाचे नेहमीचे मार्ग धरावेत.

सक्ती नव्हती? १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश होता. मुंब्र्याहून मशीद बंदरला कामाला जाणाऱ्या माणसाला विचारा, त्याच्यापुढे दुसरा पर्याय काय होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने आदेश काढला की किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही. रेशन बंद करणं ही सक्ती नसेल, तर सक्ती म्हणजे काय हे सरकारने एकदा समजावून सांगावं. लशीच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो होता. श्रेय घ्यायला चेहरा पुढे होता, जबाबदारी घ्यायच्या वेळी मात्र ‘तुम्ही स्वतःच्या मर्जीने घेतली’ असं उत्तर मिळतं.

याच प्रतिज्ञापत्रात सरकारने आकडेही दिले. तोपर्यंत देशात २१९.८६ कोटी डोस दिले गेले होते. त्यानंतरच्या त्रासाच्या ९२,११४ नोंदी झाल्या आणि त्यातल्या २,७८२ गंभीर स्वरूपाच्या किंवा मृत्यूच्या होत्या. सरकारने हे आकडे धोका किती कमी आहे हे दाखवण्यासाठी दिले. मला त्यात उलटी गोष्ट दिसते: भरपाई किती परवडणारी आहे. या २,७८२ पैकी अनेकांचा त्रास लशीमुळे नव्हे तर योगायोगाने झालेला असणार. तरी क्षणभर सगळेच पात्र धरू आणि प्रत्येकी १० लाख रुपये देऊ. हिशोब होतो २७८ कोटी. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात कोविड लशीसाठी ३५,००० कोटींची तरतूद होती. म्हणजे लशीवरच्या शंभर रुपयांमागे ऐंशी पैसे. कुणी म्हणेल नोंदी कमी झाल्या, खरी संख्या मोठी आहे. ठीक आहे, दहापट धरा. शंभरामागे आठ रुपये. पैशाची अडचण आहे असं कुणी सांगितलं तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

आता सरकार दाखवतं त्या ‘कोर्टाच्या मार्गा’कडे बघू.

पहिला दरवाजा ग्राहक आयोगाचा. तो सगळ्यांत स्वस्त आणि सोपा मानला जातो. पण १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, ती सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. म्हणजे खासगी दवाखान्यात पैसे मोजून लस घेतलेला माणूस निदान दार ठोठावू शकतो. पालिकेच्या शाळेत रांगेत उभं राहून मोफत डोस घेतलेली बाई मात्र ‘ग्राहक’च नाही! जी जास्त गरीब, तिचा दरवाजा आधी बंद.

दुसरा दरवाजा दिवाणी कोर्टाचा. तिथे कुणाचा तरी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. नर्सने चुकीची बाटली उघडली, लस थंड ठेवली नाही, अशा प्रकरणांत ते शक्य आहे. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, तिथे चूक कुणाची हे शोधायला तज्ज्ञ लागत नाही. सुदैवाने ती मुलं वाचली. पण लाखांत एखाद्याच्या शरीराने चांगल्या लशीलाही वेगळा प्रतिसाद दिला, तर निष्काळजी कोण? लस शुद्ध होती, नर्सने नीट टोचली, माणूस निरोगी होता. दोष कुणाचाच नाही आणि माणूस मात्र गेला. ज्या कायद्याला दोषी माणूस हवा असतो, तो इथे रिकाम्या हाताने परत पाठवतो.

आणि दोष असला तरी वेळ किती लागतो? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाईची प्रसूती आणि नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. चूक दिसत होती, टॉवेल सापडला होता. तरी सरकारी डॉक्टरांच्या निष्काळजीपणाला राज्य सरकार जबाबदार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं तेव्हा १९९६ साल उजाडलं होतं. भरपाईची रक्कम ३६,००० रुपये. टॉवेल हातात असून तेहेतीस वर्षं. रक्ताच्या गुठळीचं कारण सिद्ध करायला किती लागतील?

तिसरा दरवाजा उच्च न्यायालयाचा. तोही लोकांनी ठोठावलाय. औरंगाबादच्या एका बापाने डॉक्टर मुलीच्या मृत्यूबद्दल १,००० कोटींचा दावा मुंबई उच्च न्यायालयात केला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने नोटिसा काढल्या. केरळमध्ये एक मुस्लिम विधवा उच्च न्यायालयात गेली. तिचा सवाल सरळ होता. कोविडने गेलेल्याच्या घरी ५० हजार रुपये मिळतात, मग कोविडपासून वाचण्यासाठी लस घेऊन गेलेल्याच्या घरी काहीच का नाही? केरळ उच्च न्यायालयाला हा सवाल पटला. अशी प्रकरणं ओळखून वारसांना भरपाई देण्याचं धोरण तीन महिन्यांत ठरवा, असं त्याने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगितलं. पुढे केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये तिथून स्थगिती मिळाली. मे २०२४ मध्येही ती बाई वाट बघतच होती.

कुणाचा दोष न शोधता भरपाई देणं हे आपल्या कायद्याला नवीन असतं, तर सरकारची अडचण मी समजू शकलो असतो. पण रेल्वे अपघातात प्रवासी गेला तर कुणाची चूक होती हे न विचारता वारसांना ८ लाख मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहेत. भोपाळनंतर, १९९१ मध्ये, धोकादायक कारखान्यांसाठी असाच कायदा झाला. नसबंदीनंतर मृत्यू झाला, गुंतागुंत झाली किंवा शस्त्रक्रिया फसली तर सरकारच भरपाई देतं, ती योजना २००५ पासून चालू आहे. म्हणजे सरकारी कार्यक्रमात सामील झालेल्या माणसाच्या शरीराला इजा झाली तर सरकारने पैसे द्यावेत, हे तत्त्व याच आरोग्य मंत्रालयाला मान्य आहे. फक्त लशीच्या बाबतीत त्याला विसर पडतो.

त्याहून विचित्र गोष्ट औषधांच्या चाचण्यांची. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत भाग घेतलेल्या माणसाला त्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा त्याचा हक्क आहे. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनला ‘चाचणी स्वरूपात’ परवानगी होती. तेव्हा डोस घेण्याआधी सही करायच्या कागदावर लिहिलेलं होतं की लशीमुळे गंभीर इजा झाली तर कंपनी भरपाई देईल. मार्चमध्ये ‘चाचणी’ हा शब्द निघाला आणि त्याबरोबर ती हमीही गेली. लस तीच, दंड तोच. फेब्रुवारीत टोचून घेतलेल्याला हमी, एप्रिलमध्ये टोचून घेतलेल्याला ठेंगा.

जगात इतरत्र काय चालतं? जर्मनीने १९६१ मध्ये लशीच्या इजेसाठी भरपाईचा कायदा केला. ब्रिटनमध्ये १९७९ पासून कायदा आहे. आज तिथे गंभीर अपंगत्व आलेल्याला १,२०,००० पौंड मिळतात, मात्र साठ टक्के अपंगत्वाची अट इतकी कडक आहे की त्यावर तिथेही भांडण चालू आहे. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने बाललशींसाठी वेगळा निधी उभारला. लशीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या आजारांपासून वाचवते त्या प्रत्येकामागे, ७५ सेंट कर लावून तो भरला जातो. श्रीमंतांची गोष्ट वेगळी म्हणाल, तर कोवॅक्स योजनेतून आलेल्या लशींसाठी ९२ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकरिता दोष न शोधता भरपाई देण्याची सोय जागतिक पातळीवर केली गेली. जगाला लस विकणारा देश म्हणून आपण छाती फुगवतो. मग लस टोचून घेणाऱ्या स्वतःच्या माणसासाठी एवढंही आपल्याला जमू नये?

यावर शहाणी माणसं म्हणतील, ‘भरपाईची चर्चा केली की लोक घाबरतील, विशेषतः तुमचे लोक.’ हे ‘तुमचे लोक’ आम्ही फार वर्षं ऐकतोय. पल्स पोलिओच्या काळात मोहल्ल्यांत अफवा होती की थेंबांनी पोरं नपुंसक होतात. ती खोटी होती आणि तिच्यामुळे आपल्याच मुलांचे पाय गेले. पण तोंडाने द्यायच्या त्या थेंबांमुळे लाखांत एखाद्या मुलाला खरोखरच पोलिओसारखा लकवा होऊ शकतो, हेही विज्ञानाने मान्य केलेलं आहे. पुढे इंजेक्शनची पोलिओ लस आणली गेली त्यामागे हे एक कारण होतं. अशा मुलाच्या आईला तेव्हा काय सांगितलं गेलं? योगायोग. तिने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने बहिणीला. खरी गोष्ट दाबली की ती अफवेच्या वेशात फिरते आणि मग खऱ्याबरोबर दहा खोट्याही चालून जातात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केलं की मुस्लिमबहुल भागांत लशीबद्दल संकोच आहे, म्हणून सलमान खानची मदत घेऊ. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण आमचा विश्वास सिनेमाच्या हिरोने मिळवायचा असतो, ही समजूत कुठून आली? ज्या वस्तीला दवाखाना माहीत नाही पण पोलीस व्हॅन माहीत आहे, तिला सरकारचं एक वाक्य पुरेल: ‘लस घ्या, काही झालं तर आम्ही तुमच्याबरोबर आहोत, आणि हा घ्या त्याचा कायदा.’

आता थोडं आपल्या घरात बघू. कारण भरपाई न मिळण्यात आपलाही वाटा आहे.

आपल्याकडे कुणी गेलं की मोठी माणसं म्हणतात, ‘अल्लाहची मर्जी, सब्र करा.’ सब्र दुःखासाठी आहे, हक्क सोडून देण्यासाठी नाही. ज्या शरियतचं नाव आपण घेतो, तिच्यात नकळत झालेल्या हत्येसाठीही वारसांना दियत देण्याची तरतूद आहे. सूरह निसा उघडून बघा. आणि फिक्हमध्ये ती दियत एकट्या माणसावर टाकलेली नाही. त्याच्या ‘आकिला’ने, म्हणजे त्याच्या गटाने मिळून ती भरायची. ज्याचा हेतू वाईट नव्हता त्याला चिरडायचं नाही आणि ज्याचं माणूस गेलं त्याला उघड्यावर सोडायचं नाही, हा त्यामागचा विचार. आजच्या भाषेत ही दोष न शोधता दिलेली भरपाईच झाली. सगळ्या समाजाच्या भल्यासाठी ज्याने दंड पुढे केला, त्याचा आकिला म्हणजे सगळा समाज, म्हणजेच सरकारी तिजोरी. संविधानाच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क आपल्याला याच जागी आणून सोडतो. तरी कुणी तकदीरचं कारण सांगून गप्प बसवत असेल, तर त्याला दियतची आठवण करून द्या.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण बोललीच पाहिजे. मृत्यू झाला की आपण दफनाची घाई करतो आणि पोस्टमॉर्टेमला नकार देतो. भावना समजते. पण लशीनंतरच्या मृत्यूची तपासणी समिती कागदांवरून करते. पोस्टमॉर्टेम नसेल, रक्ताचे रिपोर्ट नसतील, तर प्रकरणावर ‘पुरेशी माहिती नाही’ असा शेरा पडतो आणि फाईल बंद होते. ज्या आईला सगळं कळायला हवं होतं, तिला आयुष्यभर काहीच कळत नाही. मय्यतीच्या घरी हे समजावून सांगणारा एक तरी शिकलेला मुलगा किंवा मुलगी हवी.

मित्रमैत्रिणींनो, ते तुम्ही आहात. म्हणून कामाचं सांगतो.

लशीनंतर कुणाला गंभीर त्रास झाला तर आधी दवाखाना, मग लगेच नोंद. आशाताई, नर्सबाई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पालिकेचा दवाखाना, कुठेही कळवा आणि लेखी पोच घ्या. औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत सरकारी क्रमांकही आहे. लोकांना स्वतः अशी नोंद करता यावी आणि ती माहिती सगळ्यांना बघता यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या जेकब पुलियल निकालात केंद्राला बजावलंय. कुणी टाळाटाळ केली तर त्या निकालाचं नाव घ्या.

प्रमाणपत्र, बॅच नंबर, केसपेपर, प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट आणि बिलं एका फाईलमध्ये ठेवा. लेखी अर्ज केल्यावर रुग्णाची कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. समितीने प्रकरणावर काय शेरा मारला, ते माहिती अधिकारात विचारा. दहा रुपये लागतात.

मुदत सांभाळा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, मृत्यूच्या भरपाईच्या दिवाणी दाव्यालाही दोनच वर्षं आहेत. शोकात ती कधी निघून जातात ते कळत नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्यांचं कार्यालय असतं.

आणि निवडणुकीचे दिवस आले की एक लक्षात ठेवा. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो टोपी घालून आला असो वा टिळा लावून, एवढंच विचारा: लशीने इजा झालेल्यांसाठी, कुणाचा दोष न शोधता, ठरलेल्या मुदतीत भरपाई देणारा कायदा तुम्ही करणार का? ही मागणी मुसलमानांची नाही. ज्यांनी ज्यांनी दंड पुढे केला, त्या सगळ्यांची आहे. ती आपण पहिल्यांदा केली तर बिघडलं कुठे?

आपल्या धाकट्या भावंडांना, भाच्या-पुतण्यांना वेळेवर लस द्या. कार्ड जपून ठेवा. आणि पुढचा फॉरवर्ड आला की तो पाठवणाऱ्याला विचारा, ‘तुझ्या ओळखीत खरंच कुणाला त्रास झालाय का? नाव सांग, अर्ज मी लिहून देतो.’